यादीत नाही म्हणून

बाळकुम नाक्याजवळच्या एका कारखान्याचा हिशेबाचा संगणक मध्यंतरी तपासायला आला. डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावून तिची इमेज काढली, प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, एनएसआरएलच्या यादीशी ताडून पाहिला आणि विंडोज, ऑफिस, ब्राउझरच्या फायली भराभर गळून पडल्या. उरलेल्यांत एक डीएलएल सहकाऱ्याच्या डोळ्यांत भरली. अर्धा दिवस तिच्यामागे गेला. निघालं काय, तर मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज!

अमेरिकेची ‘निस्ट’ ही संस्था सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जमवते, आतल्या फायलींचे हॅश काढते आणि ती एनएसआरएल यादी फुकट देते. ही यादी ओळखीच्यांची आहे, सज्जनांची नव्हे. मजकूर लपवायची आणि घुसखोरीची साधनंही तिच्यात आहेत, तेव्हा जुळलेलं सगळं सरसकट वगळताना जपून. आणि न जुळलेलं? पतपेढीचं सॉफ्टवेअर, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती छापणारा प्रोग्रॅम, डोंबिवलीतल्या दुकानदाराला भाच्याने लिहून दिलेलं बिलिंग – हे निस्टच्या कपाटात पोहोचणार कसं?

अशा स्थानिक सॉफ्टवेअरची यादी आपणच करायला हवी. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर विक्रेत्याकडून आलेला मूळ इन्स्टॉलर चालवा, आधीचे नि नंतरचे हॅश घ्या, आवृत्ती आणि तारीख नोंदवा. अपडेट आला की पुन्हा तेच. जप्त संगणकावरून मात्र यादी कधीही बनवू नका. तिथली बाधित फाइल एकदा ‘ओळखीची’ ठरली की पुढच्या प्रत्येक तपासात ती निमूट गाळली जाईल.

राहिला हॅशचा अल्गोरिदम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. नमुन्यात एमडी५ आणि शा-१ सुद्धा आहेत. पण २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय आणि गूगल यांनी एकच शा-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. आधीच असलेल्या फाइलच्या हॅशशी जुळणारी दुसरी घडवणं ही वेगळी गोष्ट. ते कुणी करून दाखवलेलं नाही, म्हणून जुन्या याद्या फेकू नका. पण उलटतपासणीत हा फरक समजावत बसण्यापेक्षा शा-२५६ लिहिलेला बरा.

त्या टायपिंग पॅकेजची मूळ सीडी कारखान्याच्या कपाटात बिलासकट मिळाली. ती वाचायला सीडी ड्राइव्ह मिळवण्यात आणखी एक दिवस गेला.