‘हूज’ नेमका कोणाचा?



काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका मावशींना मी पेन्शनचा इंग्रजी अर्ज लिहून दिला. त्यांचे यजमान कामगार होते, ते नुकतेच वारले होते. अर्जात मी ऐटीत लिहिले, ‘शी इज द विडो ऑफ द वर्कर हूज डेट ऑफ बर्थ इज गिव्हन बिलो.’ खाली तारीख होती यजमानांची. कार्यालयाने ती मावशींची धरली, त्यांच्या दाखल्याशी ती जुळेना, आणि अर्ज परत! मी बी.कॉम., रोज टेबलावर कागद हाताळणारा. पण दोन महिने मावशींनी उसनवारीवर काढले ते माझ्या एका शब्दामुळे.

तो शब्द ‘हूज’. मराठीत आपण म्हणतो, ‘ज्या कामगाराची जन्मतारीख खाली दिली आहे, त्याच्या या पत्नी.’ इथे ‘ज्या’ कामगाराचा हात धरूनच येतो, घोटाळा होत नाही. इंग्रजीत ‘हूज’ नावाच्या मागून येतो. पुढे विडो आणि वर्कर अशी दोन माणसे असली की तो कोणाचा, हे वाचणारा ठरवतो. म्हणून अशा वेळी सरळ दोन वाक्ये करावीत. कागदावर साधेपणाची लाज नको.

आपली मुले दुसरी एक चूक करतात, तीही मराठीतून येते. ‘ज्याचा’ म्हटले की ‘त्याचा’ म्हणायची आपल्याला सवय. मग ‘द गर्ल हूज हर फादर’ असे लिहिले जाते. हा ‘हर’ काढून टाका. ‘हूज’नंतर ‘द’ही लावू नये. ज्याचा, ज्याची, ज्यांचे, सगळ्यांना एकच ‘हूज’ पुरतो. ‘ज्याच्या नावावर खोली आहे’ याला मात्र ‘इन हूज नेम’. आपला ‘वर’ शब्दामागे येतो, त्यांचा ‘इन’ आधी.

स्पेलिंगची गंमत वेगळीच. डब्ल्यू, एच, ओ, एस, ई हा ‘ज्याचा’. ‘हू’पुढे वरती स्वल्पविराम टाकून एस लिहिला तर तो ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’. उच्चार सारखाच, त्यामुळे कानाचा भरवसा नको. ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ असे सुटे वाचून पाहावे, अर्थ लागला तरच ती खूण. अर्जात तर सुटेच लिहावे.

‘हूज’ फक्त माणसांना लावतात असे कोणी शिकवले असेल तर ते विसरा. ‘द रूम हूज रूफ लीक्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे. (गळणाऱ्या खोलीबद्दल लिहायची पाळी आपल्यावर येतेच!)

या शब्दाचे वजन पाहायचे तर राज्यघटनेचे इंग्रजी कलम ५ काढा. घटनेच्या प्रारंभी नागरिक कोण, हे त्यात सांगितले आहे. भारतात अधिवास असलेल्या ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही एक भारतात जन्मलेले, तोही नागरिक. हे ‘ज्याच्या’ तिथे ‘हूज’ने येते, आणि त्याच्या आधी ‘आयदर’ आहे. त्यामुळे एकट्या आईचा जन्मही पुरतो. घरात प्रत असेल तर मुलांकडून ती ओळ मोठ्याने वाचून घ्या.

मावशींचा दुसरा अर्ज चार छोट्या वाक्यांचा केला. यजमानांची जन्मतारीख त्यांच्या नावापुढे, मावशींची त्यांच्या नावापुढे. एकही ‘हूज’ नव्हता. तो परत आला नाही.