ब्रेमेनची अंतराळनगरी आणि बंद पडलेली गोदी

आंतरराष्ट्रीय परिषदेस जाऊन आलेला मनुष्य आपण ते शहर पाहून आलो असे मोठ्या विश्वासाने सांगतो. वस्तुतः त्याने पाहिलेले असते ते यजमानांनी निवडून, झाडून-पुसून समोर मांडलेले शहर, आणि तेही निबंधवाचन, स्वागतसमारंभ व भोजने ह्यांतून उरलेल्या वेळात. २०१८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील ब्रेमेन येथे एकोणसत्तरावी आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद भरली, तिलाही हाच न्याय लागू होता. रेल्वे स्टेशनाच्या पाठीमागील प्रशस्त दालनांत देशोदेशींच्या संस्थांनी व कारखानदारांनी आपला सरंजाम मांडला होता. ३ तारखेस, जर्मन एकीकरणदिनाची सुट्टी साधून, सामान्य नागरिकांनाही आत मुक्तद्वार मिळाले, ही गोष्ट आपल्याकडील परिषदकारांनी अवश्य ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण आपल्या येथे ज्याच्या पैशावर उपग्रह उडतो त्याला दरवाजावरच ओळखपत्र विचारण्याचा प्रघात आहे.

ब्रेमेनचा दिमाख पोकळ मात्र नव्हे. १९८३ साली अमेरिकेच्या शटलमधून गेलेली ‘स्पेसलॅब’ ही प्रयोगशाळा येथे घडली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकास जोडलेली ‘कोलंबस’ प्रयोगशाळाही येथलीच. आणि २०२२ मध्ये निर्मनुष्य ‘ओरायन’ यान चंद्राकडे गेले, तेव्हा त्याला वीज व गती पुरविणारा सेवाकक्षही येथल्याच कामगारांनी जोडलेला होता. युरोपच्या ‘गॅलिलिओ’ मार्गदर्शक उपग्रहांपैकी बहुसंख्य ज्या ओएचबी कंपनीने बांधले, ती १९८० च्या दशकारंभी क्रिस्टा फुक्स ह्या बाईंच्या हाती आली, त्या वेळी जहाजांची हायड्रॉलिक यंत्रे दुरुस्त करणारा मूठभर माणसांचा व्यवसाय होती.

ह्या सर्वांहून अधिक माझे मन गुंतले ते विद्यापीठाच्या आवारातील १४६ मीटर उंचीच्या पतनमनोऱ्यात. मनोऱ्याच्या पोटात एक पोलादी नळकांडे उभे आहे. त्यातील हवा पंपांनी उपसून काढण्यास तास-दीड तास लागतो, आणि मग वरून सोडलेली कुपी, आतल्या ज्योतीसह, द्रवासह, जे काही तपासावयाचे असेल त्यासह, ११० मीटर खाली येते. हा सारा खटाटोप पावणेपाच सेकंदांच्या भारहीनतेसाठी! खाली तिला झेलण्यास काय असावे, तर थर्माकोलच्या बारीक मण्यांनी भरलेला उंच हौद. पुढे तळाशी एक क्षेपणयंत्र बसवून कुपी प्रथम वर भिरकावण्याची तजवीज झाली आणि तो अवधी नऊ सेकंदांवर गेला. परिषदेतील मंगळावर वस्ती करण्याच्या बाता ऐकून कान किटलेल्या माणसाने येथे जरा वेळ उभे राहावे.

परंतु कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक रस्ता ट्रामने ग्रोपेलिंगेन ह्या कामगारवस्तीकडे जातो. तेथे वेझर नदीकाठी ‘आ. गे. वेझर’ ही नामांकित जहाजबांधणीची गोदी होती. उल्फ मेरबोल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञाला घेऊन स्पेसलॅब २८ नोव्हेंबर १९८३ रोजी आकाशात गेली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ही गोदी कायमची बंद झाली. तत्पूर्वी सप्टेंबरात कामगारांनी ती ताब्यात घेऊन केलेला निकराचा विरोध व्यर्थ ठरला. एकाच गावाच्या एका वर्षाच्या जमाखर्चातील ह्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. जहाजे बांधणारे हातच पुढे याने बांधू लागले, असे गोड चित्र पुष्कळदा रंगविले जाते. पण पोलादाचे पत्रे सांधणारा प्रौढ जोडारी टोपी-मोजे चढवून निर्धूळ दालनात सहसा शिरत नाही. गोदीच्या मोकळ्या झालेल्या जागेवर मग कोट्यवधी युरो ओतून ‘स्पेस पार्क’ नावाची अंतराळविषयक करमणूकनगरी उभारण्यात आली. ती २००४ च्या आरंभी उघडली आणि त्याच सप्टेंबरात बंद पडली! आता तेथे ‘वॉटरफ्रंट’ नावाचे दुकानसंकुल आहे. ज्या वर्षी परिषद भरली, त्या वर्षीही जर्मनीच्या सोळा राज्यांत बेरोजगारीचे सर्वाधिक प्रमाण ब्रेमेनचेच होते.

अंतराळउद्योग वाईट असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. तो थोड्यांना उत्तम काम देतो, बाकीच्यांना अभिमान देतो, आणि अभिमानावर घरभाडे भागत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. आपल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांची कवचे घडविली, विक्रोळीत गोदरेजने त्यांची इंजिने. त्या गावांना अंतराळनगरी हा किताब कोणी बहाल केला नाही, पण जुने कसब नव्या कामास जुंपण्याची युक्ती तेथे साधली. सरकारने ह्यापुढे अशा उद्योगास जमीन व सवलती देताना, जवळच्या आयटीआयमधील किती फिटर, किती वेल्डर कामावर घेतले जाणार आणि त्यांच्या फेरशिक्षणाचा खर्च कोण सोसणार, ही कलमे मंजुरीच्या मसुद्यातच घालावीत. आणि परदेशच्या परिषदांस जाणाऱ्या प्रतिनिधींच्या प्रवासखर्चात कामगारवस्तीकडे जाणाऱ्या ट्रामचे भाडेही, पावती जोडल्यास, मान्य करावे.