स्पीकर सुधारण्याआधी कान तपासा

स्पीकरची एखादी जुनी लाकडी पेटी तुमच्या माळ्यावर, मामांच्या घरी किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडलेली असण्याचा बराच संभव आहे. आत एक मोठा स्पीकर (वूफर) आणि एक लहान (ट्वीटर), पुढे कापडाची जाळी, मागे तारा जोडायची दोन टोके. अशी पेटी हाती लागली की हौशी मुलांचे हात शिवशिवू लागतात. आत काही बदलले तर आवाज आणखी चांगला येईल का, हा प्रश्न मनात येतोच.

मग दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, "कारखान्यातल्या इंजिनिअरांनी विचार करूनच बनवले आहे. तू हात लावू नकोस." दुसरा म्हणतो, "आतला कपॅसिटर काढ, परदेशी टाक. तार महागातली घे. आवाजावरचा पडदाच दूर होईल!"

माझे स्पष्ट मत असे, की या दोघांचेही ऐकू नये. पेटी जरूर उघडावी. पण प्रत्येक बदलाच्या वेळी तीन गोष्टी कराव्यात. काय घडेल याचे भाकित आधी वहीत लिहावे. जे मोजता येते ते मोजावे. आणि कानाने निकाल द्यायचा असेल, तर काय बदलले आहे हे माहीत नसताना ऐकावे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ती मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलो. ती हकीकत पुढे येईलच, पण आधी पेटीचे काम समजून घेऊ.

एक सुटा वूफर टेबलावर ठेवून हळू आवाजात तबला वाजवून पाहा. डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा झालेला असेल. आता जाड, मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढे भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट बसवा. घुमारा परत येतो! असे का व्हावे? स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा आणि मागचा हे दोन तरंग एकमेकांच्या नेमके उलट असतात. कडेने वळसा घालून ते भेटले की एकमेकांना खोडून टाकतात.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर येते. तिच्यापुढे स्पीकरच्या कडेचा वीतभर वळसा म्हणजे काहीच नाही. ३००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी मात्र सुमारे ११ सेंटिमीटर. म्हणून उंच स्वर बरेचसे वाचतात आणि खर्जातले मरतात. पुठ्ठ्याने हा वळसा लांबवला. बंद पेटी तर मागच्या तरंगाला कोंडूनच टाकते.

पण कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाही. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, तो उसळून परत येतो. पेटीतली हवाही तशीच स्प्रिंगसारखी वागते, आणि पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. त्यांनी शंकूची टांगणी मुद्दाम सैल ठेवली आणि शंकूला जागेवर परत आणण्याचे काम पेटीतल्या हवेवर सोपवले. हवेची स्प्रिंग त्या काळच्या टांगणीपेक्षा अधिक प्रमाणशीर वागत असल्याने खर्जातला आवाज कमी विकृत झाला, आणि कपाटाएवढ्या पेटीचे काम लहान पेटीत होऊ लागले.

पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, आणि १९७० नंतरच्या वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी, स्पीकर आणि पेटी यांच्या जोडीचे गणित व्यवस्थित बसवून दिले. त्यातला बंद पेटीचा भाग दहावीचा विद्यार्थीही करू शकेल. समजा, पेटीबाहेर एका वूफरची स्वाभाविक वारंवारता ४० हर्ट्झ आहे, आणि त्याची टांगणी जितकी लवचीक आहे तितकीच लवचीक हवा म्हणजे ६० लिटर हवा. हा वूफर २० लिटरच्या बंद पेटीत बसवला. ६० ला २० ने भागून त्यात १ मिळवा : ४ आले. त्याचे वर्गमूळ २. म्हणजे स्वाभाविक वारंवारता दुप्पट होऊन ८० हर्ट्झवर गेली. त्याखालच्या स्वरांचा आवाज झपाट्याने उतरत जाणार. सोन्याची तार जोडली तरी हा आकडा बदलणार नाही!

मग काय केल्याने बदलेल? पेटी मोठी केल्याने बदलेल. किंवा उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा पिंजलेला तंतू पेटीत सैलसर भरून पाहा. हवा दाबली की किंचित तापते आणि अधिक ताठ होते. तंतू ती उष्णता शोषून घेतात, त्यामुळे हवा मऊ वागते आणि पेटी होती त्यापेक्षा मोठी असल्यासारखी भासते. आदर्श परिस्थितीत हा लाभ १.४ पटीचा, प्रत्यक्षात त्याहून कमी. २० लिटरची पेटी २५ लिटरसारखी वागली असे धरून पुन्हा गणित करा, उत्तर सुमारे ७४ हर्ट्झ येईल. चमत्कार नव्हे, पण खरा फरक, आणि तोही थोड्या पैशांत. पेटीच्या आतल्या भिंतींवरून होणारे परावर्तनही यामुळे कमी होते. (काचलोकर मात्र वापरू नका. तिचे कण त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात.)

त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे पेटीची जागा बदलणे. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४२.५ हर्ट्झला स्थिर तरंग तयार होतो, आणि पेटी कोपऱ्यात ढकलली की खर्ज फुगतो. पेटी भिंतीपासून हातभर पुढे आणली की ऐकणाऱ्याला बदल जाणवतो. खर्च शून्य. तरीही हा उपाय कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

आता कपॅसिटरकडे वळू, म्हणजे माझ्या फजितीकडेही. खर्जाचे स्वर नाजूक ट्वीटरकडे जाऊ नयेत म्हणून त्याच्या वाटेवर कपॅसिटर बसवलेला असतो. ८ ओहमचा ट्वीटर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी साधी जोडणी असेल, तर सुमारे ४२०० हर्ट्झच्या खाली ट्वीटरचा आवाज उतरू लागतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या घरच्या पेट्यांमधले जुने कपॅसिटर काढून तेवढ्याच मूल्याचे महागडे फिल्म कपॅसिटर बसवले. रात्री गाणे लावले आणि थक्क झालो. तंबोऱ्याची जवारी किती स्वच्छ! दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे रंगवून सांगितले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? ऐकलं ना मी!"

"पण नवीन बसवलेत हे तुम्हाला ठाऊक होतं ना, सर?"

मला उत्तर सुचेना. पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेत आम्ही एका पेटीवर जुना आणि नवा असे दोन्ही कपॅसिटर दुहेरी बटणाला जोडले. बटण पडद्यामागे. ती नाणे उडवायची, छापा आला तर जुना आणि काटा आला तर नवा कपॅसिटर लावायची, आणि मी ऐकून उत्तर लिहायचो. १० फेऱ्या झाल्या. माझी ४ उत्तरे बरोबर आली. मी न ऐकता नुसते नाणे उडवून उत्तरे लिहिली असती, तरी सरासरीने ५ बरोबर आली असती!

मग मी जुना कपॅसिटर मोजला. तो ४.६ मायक्रोफॅरड भरला, म्हणजे ठणठणीत होता. हे मी आधी मोजले असते, तर फरक पडू नये हे भाकित करता आले असते. मोजमापातील चुका हा धडा मी दर वर्षी शिकवतो आणि स्वतःच्या कानांना मात्र त्यातून सूट दिली होती. त्या रात्री ऐकलेली जवारी मी खोटी सांगितली नव्हती. मला ती खरोखरच ऐकू आली होती. धोका इथेच आहे मित्रांनो. स्वतःला फसवताना आपण अगदी प्रामाणिक असतो.

हा दोष माझ्या एकट्याचा नव्हे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेत काही श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण वेगळे आले. ऐकण्याची सवय असलेली माणसेही यातून सुटली नाहीत.

पण यावरून "कपॅसिटर बदलणे हे थोतांड" असाही निष्कर्ष काढू नका. पुढे एका मित्राची जुनी पेटी आली. तिच्यातला कपॅसिटर वयोमानाने ४.७ वरून २.३ वर उतरला होता. म्हणजे ट्वीटरची सीमा ४२०० वरून साडेआठ हजार हर्ट्झच्या पुढे सरकली. फरक ऐकू येईल असे भाकित आम्ही लिहिले, साधा नवा कपॅसिटर आणला आणि तसाच पडदा लावला. या वेळी १० पैकी ९ उत्तरे बरोबर आली. निव्वळ अंदाजाने ९ किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात सुमारे एक. भाग तोच, काम तेच. एकदा फरक भासला आणि एकदा पडला. कोणता कोणता, हे मोजमापाने आणि पडद्याने ठरवले.

तारेचेही तसेच. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन १० मीटरचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ही घट सुमारे ०.२ डेसिबेल, गाणे ऐकताना सहसा कळणार नाही इतकी. पण घंटेची बारीक तार, समजा ०.२ चौरस मिलिमीटरची, वापरली तर रोध ०.८५ ओहम होतो आणि घट डेसिबेलच्या जवळ जाते. म्हणून बारीक तार नको, महागडीही नको. तांब्याची साधी, पुरेशी जाड तार घ्या.

आता कोणी म्हणेल, "संगीताला मोजपट्टी कसली लावता? शेवटी न्याय कानच करणार ना?" मला हे अगदी मान्य आहे. म्हणूनच कानांना नीट न्याय करू द्यावा असे मी म्हणतो. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर तुमचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे, तर ते माणूस असतात म्हणून. कानांसमोरही वस्तूची किंमत आणि नाव न ठेवता नुसता क्रमांक ठेवा. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी असू द्या, कारण जरा मोठा आवाज आपल्याला जरा 'चांगला' वाटतो.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र मुले पाठ करतात आणि विसरतात. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत उघडता येणारी एक जुनी स्पीकर पेटी असावी, आणि तिला मुलांचे हात लागावेत. बिघडेल ही भीती रास्त आहे. पण बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक आणि तारेचे वेटोळेही एक तास शिकवून जातात. एकाने बदल करावा, दुसऱ्याने पडद्यामागे बसावे, तिसऱ्याने नोंद ठेवावी. यंत्राची हौस आणि विज्ञानाची शिस्त एकाच तासाला शिकवणारी इतकी स्वस्त वस्तू मला दुसरी ठाऊक नाही.

सावधगिरी मात्र पाळाच. ज्या पेटीच्या मागून विजेच्या सॉकेटमध्ये जाणारी वायर निघते, ती उघडायची नाही. ॲम्प्लिफायरही उघडायचा नाही. पेटी उघडण्याआधी तिच्या तारा सोडवा. स्क्रू काढताना चुंबक पेचकस ओढून घेतो आणि शंकू फाटतो, म्हणून दुसरा हात आडवा धरा. कपॅसिटरशिवाय ट्वीटर जोडू नका, आणि सारे प्रयोग हळू आवाजात करा. स्पीकर नवा आणता येतो, कान आणता येत नाहीत.

प्रयोगाच्या शेवटी वहीत "काही फरक आढळला नाही" असे लिहावे लागले, तर ओशाळू नका. ते वाक्य मी वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा मनापासून लिहिले. तुम्ही ते शाळेतच लिहायला शिकलात, तर पुढे स्पीकरच काय, औषधापासून खतापर्यंत कोणीही काहीही विकायला आला तरी तुम्ही त्याला शांतपणे विचाराल, "पडद्याआड ठेवून पाहिलंत का?"