सरकायला जागा

निवृत्तीनंतर सोसायटीने मला खजिनदार केलं. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेद सरली. अंदाजपत्रकातली फालतू बाब हुडकून काढण्याचा मला भारी अभिमान. आवारातला रस्ता काँक्रीटचा करायचं ठरलं, तेव्हा त्यात ‘प्लास्टिकचा कागद’ अशी बाब दिसली. ‘रस्त्याला खालून रेनकोट कशाला?’ असं म्हणून मी ती खोडली. सभेत टाळ्या पडल्या. वर्ष उलटायच्या आत अनेक स्लॅबच्या मधोमध आडव्या भेगा उमटल्या.

‘कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं,’ असं ठरवून आम्ही त्याचं शेवटचं बिल अडवलं. तपासणीत सिमेंट चोख निघालं. मग खोडलेली ती ओळ मला टोचू लागली.

काँक्रीट वाळताना आणि थंड होताना आकसतं. साडेचार मीटरचा स्लॅब २० अंशांनी थंड झाला, तर जेमतेम एक मिलिमीटर आखडतो. तेवढं त्याला आखडू द्यायला हवं. त्याची दोन्ही टोकं मध्याकडे सरकू पाहतात आणि खालचा खडबडीत थर त्यांना धरून ठेवतो. ही ओढ दोन्हीकडून सरळव्याजासारखी साठत मध्यावर पोचते. दाब सोसण्यात काँक्रीट पहिलवान. ओढ मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच सोसतं. मग ते मध्येच तडकतं. ही पकड सैल करायला घालतात तो कागद १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत त्याची तरतूद आहे. सांधे वेळेवर कापावे लागतात ते वेगळंच. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. गावोगावीही असे रस्ते होत आहेत. आपण नागरिक वरचा गुळगुळीतपणा पाहून खूश होतो, नाहीतर भेग पाहून चोर शोधतो. खरा हिशेब काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या एका सकाळी उघडा असतो. नंतर तो कायमचा झाकला जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे. खालच्या थराची पाहणी नागरिकांसमक्ष व्हावी आणि तिची छायाचित्रं बिलाला जोडावीत. त्यांच्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

गेल्या सभेत मी कंत्राटदाराचं अडवलेलं बिल चुकतं करायचा ठराव मांडला आणि ती ओळ कोणी खोडली होती, तेही सांगितलं. ठराव मंजूर झाला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.