बिलावरचं इंग्रजी छापायच्या आधी वाचा

डोंबिवलीच्या फडके रोडवरचं किंवा ठाण्यात जांभळी नाक्यावरचं एखादं बिल घ्या. खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा तीन ओळी दिसतील. प्रेसवाल्याच्या नमुन्यातून आलेल्या. माझं स्पष्ट मत आहे, फाडफाड इंग्रजीच्या क्लासला पैसे भरण्याआधी या ओळी समजून घ्या.

'ई. अँड ओ. ई.' म्हणजे एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. हा 'एक्सेप्टेड' म्हणजे 'वगळून'. 'मान्य' अर्थाचा 'ॲक्सेप्टेड' वेगळा. आपलं जुनं 'चूकभूल देणे घेणे' ते हेच.

'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक' ही ओळ मात्र काढाच. रंग आवडला नाही म्हणून कोणी साडी परत आणली, तर तुमचा नियम चालेल. पण माल सदोष निघाला आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार दिलात, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे ज्या ओळीच्या जोरावर आपण गिऱ्हाइकाशी भांडतो, तीच तक्रारीत आपल्या विरोधात लागते.

'सब्जेक्ट टु मुंबई ज्युरिस्डिक्शन' म्हणजे वाद झाला तर मुंबईच्या कोर्टात. दुकान, माल, गिऱ्हाईक सगळं डोंबिवलीतलं असेल तर ही ओळ टिकणंच कठीण. कल्याण लिहा ना!

आता खरा पैसा अडकतो तो शब्द: 'ॲट द अर्लिएस्ट'. पार्टी मेल करते, 'पेमेंट ॲट द अर्लिएस्ट', आणि आपण खूश. अरे, यात तारीख कुठाय? उत्तरात तारीख मागा, तीही 'टिल 10 जुलै' नको, 'बाय 10 जुलै' लिहा. 'टिल' म्हणजे तोपर्यंत चालू राहणारं काम, 'बाय' म्हणजे त्या तारखेच्या आत.

तुमचं उत्पादन किंवा सर्व्हिसचं काम असेल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर 2006 चा एमएसएमई कायदा पाठीशी आहे. मुदत लेखी ठरली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवस, ठरली तरी जास्तीत जास्त 45. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण नाही, त्यामुळे आपली भिस्त त्या मेलमधल्या तारखेवरच.