बादलीतला सूर आणि वन-बीएचकेतला रियाज

त्रिलोक गुर्टू यांची ओळख आपल्याकडे अजूनही 'शोभाताईंचे चिरंजीव' अशीच करून द्यावी लागते. जगभरच्या जॅझ रसिकांना अशा ओळखीची गरज पडत नाही. १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा तालवादक खुर्चीवर बसून ड्रम वाजवत नाही. जमिनीलगत बसतो, आजूबाजूला तबला, ड्रम, झांजा, घुंगरं, आणि हाताशी पाण्याची बादली.

ही बादली पाहून लोक हसतात, मग गप्प होतात. काशाची घुमणारी थाळी वाजवून पाण्यात उतरवली की तिला पाण्याचं ओझं होतं, कंपनं मंदावतात आणि सूर खाली घसरत जातो. युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. अमेरिकेत जॉन केज यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती वापरली होती. पण गुर्टूंकडे तो घसरता सूर नुसती गंमत राहत नाही, लयीच्या हिशोबात बसतो. हा हिशोब आला कुठून?

घरातून. शोभा गुर्टू बेळगावच्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतल्या. शोभाताईंची तालीम कोल्हापुरात खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. पुढे ठुमरी-दादरा शिकवायला उस्ताद घम्मन खाँ मुंबईत या कुटुंबाकडे राहायलाच आले. त्रिलोक यांना तबल्याची तालीम शाह अब्दुल करीम यांनी दिली. ही नावं आपल्या मोहल्ल्यात आज किती जणांना माहीत आहेत? वाद्य वाजवावं की वाजवू नये, यावर मात्र तासन्‌तास बोलायला आपण तयार असतो.

१९८४ साली कॉलिन वॉलकॉट यांचं अपघाती निधन झाल्यावर 'ओरेगॉन' या गटात त्यांच्या जागी गुर्टू आले. नंतर जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीत वाजवलं. पण माझ्या मते त्यांचं खरं धाडस १९८८ सालच्या 'उसफ्रेत' या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये आहे. परदेशात नाव करू पाहणारा माणूस आईचा आवाज मागे ठेवून जातो. यांनी तो सोबत नेला आणि जॅझवाल्यांच्या मधोमध बसवला.

हे सगळं मीरा रोडला बसून लिहितोय त्याला कारण आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबं इथे आली. घर मिळालं, शेजार मिळाला. पण वन-बीएचकेच्या भिंती अशा की पलीकडच्या घरातली कुकरची शिटीसुद्धा मोजता येते. अशा घरात मुलगा कहोन किंवा ढोलकी घेऊन बसला की आधी अम्मी ओरडते, मग सोसायटीचा सेक्रेटरी. मुलगा हेडफोन लावून लॅपटॉपवर ठोके जुळवायला लागतो. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्यातही कल्पकता लागते. पण तबल्यावर रोज तास-दोन तास, वर्षानुवर्षं पडणारा हात त्यातून तयार होत नाही. त्या हाताशिवाय बादली ही बादलीच राहते.

उस्ताद आता कुणाच्या घरी येऊन राहणार नाहीत, तेवढी जागाच नाही. ती जागा महापालिकेने द्यावी. आवाजाबद्दल या शहरात तक्रारी पुष्कळ होतात. आवाज करायला शिकण्याची सोय मात्र कुणी मागत नाही. मोठं नाट्यगृह आपल्याकडे झालं, चांगलं झालं, पण तिथे तयार कलाकार जातो. मी मागतोय ती दोन-तीन साध्या खोल्या. भिंतींना आवाज अडवणारं अस्तर, खाली सतरंजी, तासाला परवडेल असं भाडं. नयानगरात एक, भाईंदर पश्चिमेला एक, जमलं तर उत्तनला एक, तिथली कोळी आणि ख्रिस्ती पोरंही वाजवणारी आहेत. आणि शिकवणाऱ्यांना मानधन. पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी हा अर्ज आपापल्या नगरसेवकाच्या हातात द्यायला माझ्याबरोबर चार पालक तरी यावेत.