राज्यपालांच्या नावाने

सीमाभागातील सामान्य माणसाची आणि राज्यपालांची गाठ एकाच ठिकाणी पडते, ती सरकारी हुकमाच्या शेवटच्या ओळीत. कचेरीच्या भिंतीवर डकविलेली नोटीस असो, शाळेच्या मान्यतेचा कागद असो की नगरसंस्था बरखास्त केल्याचा आदेश असो, मजकूर संपला की खाली ठराविक वाक्य येते : कर्नाटकाच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व त्यांच्या नावाने. मजकूर कन्नडमध्ये असल्यामुळे ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला पुष्कळदा वाचता येत नाही. शेजारच्या एखाद्या जाणत्याकडून तो वाचून घ्यावा लागतो, आणि तो जाणताही शेवटची ओळ सवयीने गाळतो. आज आम्हांला त्या गाळलेल्या ओळीविषयीच लिहावयाचे आहे.

ती ओळ म्हणजे केवळ कारकुनी रिवाज नाही. राज्यसरकारची प्रत्येक कार्यवाही राज्यपालांच्या नावाने व्यक्त झाली पाहिजे, असे घटनेच्या १६६ व्या कलमाचे बंधन आहे. मंत्री येतात, मंत्री जातात. हुकूम मात्र राज्यपालांचा म्हणून निघतो. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि लोकांनी निवडून दिलेली ती महापालिका सरकारने बरखास्त केली. २०११ साली पुन्हा महापालिका बरखास्त झाली. दोन्ही वेळा आमचे लोक मंत्रिमंडळाच्या नावाने खडे फोडीत राहिले, आणि ते साहजिकच होते. परंतु ज्या पदाच्या नावाने लोकनियुक्त संस्था मोडली जाते, त्या पदाकडे आमची नजर क्वचितच वळते. वळवून काय होणार, राज्यपाल म्हणजे मान डोलावणारा नंदीबैल, अशी आपली समजूत. ही समजूत अर्धी खरी आहे.

खरे अर्धे आधी सांगून टाकू. १६३ व्या कलमाप्रमाणे, घटनेने स्वविवेकावर सोपविलेल्या मोजक्या बाबी वगळता, राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावयाचे आहे. राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असा विचार घटनासमितीत प्रथम झाला होता. पण एका राज्यात लोकांनी निवडलेले दोन धनी झाले तर रोज कलह माजेल, या धास्तीने १९४९ साली तो सोडून देण्यात आला. नेमणूक राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात मध्यवर्ती सरकारकडे गेली, आणि १५६ व्या कलमाने पदाची मुदत राष्ट्रपतींच्या मर्जीवर ठेविली. राज्यपाल हा राज्याबाहेरचा, नामांकित आणि नजीकच्या काळात राजकारणात न वावरलेला असावा, अशी शिफारस सरकारिया आयोगाने १९८८ साली केली. तिला वाटाण्याच्या अक्षता लागल्या. दिल्लीत कोणत्याही पक्षाचे सरकार असो, थकलेल्या वा पडलेल्या पुढाऱ्यांची सोय लावण्याचे हे एक ठिकाण होऊन बसले आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसते.

आता उरलेले अर्धे. जून १९४९ मध्ये घटनासमितीत याच प्रश्नावर डॉ. आंबेडकर बोलले, तेव्हा त्यांनी एक सूक्ष्म भेद केला. राज्यपालाला स्वतःहून पार पाडावयाचे अधिकार नाहीत, परंतु कर्तव्ये आहेत, असा त्या भाषणाचा रोख होता. मंत्रिमंडळाला सल्ला देणे, सावध करणे, एखाद्या गोष्टीचा फेरविचार करावयास लावणे, ही ती कर्तव्ये. आणि ती का, तर राज्यपाल हा एखाद्या पक्षाचा प्रतिनिधी नसून राज्यातील समग्र जनतेचा प्रतिनिधी आहे म्हणून. या कर्तव्यांना धार देणारे १६७ वे कलम घटनेत आहे. राज्यकारभाराविषयी राज्यपाल जी माहिती मागतील ती पुरविणे मुख्यमंत्र्यांना भाग आहे. एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय समग्र मंत्रिमंडळापुढे ठेवा, असेही राज्यपाल सांगू शकतात. १५९ व्या कलमातील शपथेतही राज्यपाल आपल्याला त्या राज्यातील जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेतात. त्या शपथेत जनतेची भाषा कोणती, याचा उल्लेख नाही.

आमच्या दृष्टीने मात्र या पदाचा खरा इतिहास १९५५-५६ साली घडला, आणि तो सीमाभागात फारसा कोणी सांगत नाही.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. बेळगावविषयी त्या अहवालाने आमच्यावर जो अन्याय केला तो येथे उगाळीत नाही. परंतु कशीही रेघ ओढली तरी प्रत्येक राज्यात परभाषिक लोक राहणारच, हे आयोगाला दिसत होते. त्यांच्या संरक्षणाची आश्वासने कागदावर राहू नयेत म्हणून मध्यवर्ती सरकारने राज्यपालांच्या पदाचा उपयोग करावा, अशी शिफारस आयोगाने केली होती. राज्यपालांना नवा स्वतंत्र अधिकार द्या, असेही आयोगाचे म्हणणे नव्हते. असलेल्या घटनेच्या चौकटीत राज्यपालांनी लक्ष ठेवावे व दिल्लीला कळवावे, इतकी साधी ती योजना होती. सप्टेंबर १९५६ च्या निवेदनपत्रात केंद्रीय गृहखात्याने या शिफारशीचा उल्लेख केला आणि लोकसभा-राज्यसभेतील मतांचा हवाला देऊन ती बाजूस ठेविली. तिच्या जागी भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक आयुक्त नेमावयाचे ठरले. सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. आयुक्ताचे कार्यालय १९५७ साली सुरू झाले व पुढे त्याचे एक विभागीय कार्यालय बेळगावातही उघडण्यात आले.

राज्यपाल आणि आयुक्त यांत फरक काय, असे कोणी विचारील. फरक मोठा आहे. आयुक्त पाहतो, लिहितो आणि राष्ट्रपतींना अहवाल देतो. तो अहवाल संसदेपुढे ठेवतात आणि एक प्रत राज्यसरकारला जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर ती प्रत जाऊन पडते. राज्यपालांचे तसे नाही. त्यांच्या सहीवाचून विधेयकाचा कायदा होत नाही, वटहुकूम निघत नाही, आणि मुख्यमंत्री त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास बांधलेले आहेत. म्हणजे १९५६ साली रखवालीचे काम दारातल्या माणसाकडून काढून दूर गावच्या टपालखात्याकडे दिले गेले. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला, त्याच दिवशी त्या राज्याचे राज्यपाल झाले ते कालपर्यंतचे म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. ते विद्वान होते, संगीताचे मर्मज्ञ होते, त्यांच्याविषयी आम्हांला व्यक्तिशः काही म्हणावयाचे नाही. पण जुन्या संस्थानाच्या अधिपतीकडे नव्या मुलखातील मराठी माणसाने आपला राज्यपाल म्हणून पाहावे, याची सोय कोणी केली होती?

आश्वासने काय होती, तेही एकदा आठवून पाहावे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यावे, हा ठराव १९४९ सालचा. जिल्ह्यात एका भाषेचे लोक सुमारे ७० टक्के असतील तरच तो एकभाषी मानावा आणि ३० टक्क्यांवर दुसऱ्या भाषेचे लोक असतील तर तेथील कारभार द्विभाषी असावा, ही दिशा १९५६ सालची. एखाद्या भागात अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असले तरी नोटिसा व नियम त्यांच्या भाषेत निघावेत, ही १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेची संमती. त्या परिषदेला म्हैसूरही बांधील होते, म्हणून आजचे कर्नाटकही आहे. खानापुरातील शेतकऱ्याने आपल्याच जमिनीच्या उताऱ्यासाठी कन्नड जाणणारा माणूस शोधीत फिरावे, हे या तिन्ही ठरावांत कोठे बसते? १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आमची माणसे रस्त्यावर उतरली आणि हिंडलग्याला गोळ्या झेलून पडली, ती नवे काही मागत नव्हती.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. राज्यपालांना जागे करा म्हणणे म्हणजे आगीशी खेळ नव्हे काय? १९८९ साली याच कर्नाटकात बोम्मई यांचे मंत्रिमंडळ राज्यपालांच्या अहवालावरून बडतर्फ झाले. बहुमत विधानसभेत मोजावयाचे, राजभवनात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९४ साली बजवावे लागले. महाराष्ट्रातही २०२२ साली राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्याचा दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. सरकारे पाडणारा राज्यपाल आम्हांला नको. आज तो आमच्या विरोधकाला बुडवील, उद्या आम्हांला. पण मंत्रिमंडळावर कुरघोडी करणे वेगळे आणि मंत्रिमंडळाला प्रश्न विचारणे वेगळे. सरकार मोडण्यास ज्यांना धैर्य पुरते, त्यांना १६७ व्या कलमाखाली एक पत्र लिहिण्यास ते का पुरू नये?

आणि राज्यपालांची लेखणी भाषेच्या प्रश्नात मुळीच अडत नाही, असेही नाही. दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड असलेच पाहिजे, असा वटहुकूम कर्नाटक सरकारने काढावयाचे ठरविले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यपालांनी तो परत पाठविला. अधिवेशन तोंडावर आहे, विधिमंडळात आणा, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने विधेयक संमत केले आणि त्याचा कायदा झाला. राज्यपालांना पद्धतीची हरकत सुचली, ती योग्यच होती. परंतु ज्या शहरातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी पेढ्यांवर हा कायदा चालावयाचा, तेथील भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या वचनांचे काय, हा प्रश्न त्याच पत्रात घालण्यास आणखी दोनच ओळी लागल्या असत्या.

विशेष जबाबदारी ही कल्पना कर्नाटकाच्या राज्यपालांना परकी नाही. ३७१ ज कलमाने हैदराबाद-कर्नाटक भागाच्या विकासाची विशेष जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते, आणि त्या भागात बिदर, भालकी, औराद येथील आमचे मराठी बांधव येतात. विकासासाठी जे जमते ते भाषेसाठी जमत नाही, असे घटनेत कोठे लिहिलेले नाही.

मग पाटसकरांचे उदाहरण आहे. सीमाभागातील शाळकरी मुलालाही पाटसकर निवाडा हे शब्द पाठ असतात. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, ही आमच्या मागणीची तत्त्वे त्याच्याशी जोडलेली. पण आंध्र-मद्रास सीमेचा तो निवाडा देताना, १९५९ साली, हरि विनायक पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल होते, हे कितीजण सांगतील? पदावर असलेल्या एका राज्यपालाने दोन राज्यांतील तंटा गावोगावची भाषा पाहून मिटविला. तिरुत्तणी तालुक्याचा बराच भाग मद्रासकडे गेला, चेंगलपेट व सेलम जिल्ह्यांतील गावे आंध्रकडे आली, संसदेने कायदा केला आणि १९६० साली तो अंमलात आला. आमच्या वाट्याला आला तो महाजन आयोग.

नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांचे राज्यपाल कोल्हापुरात सीमावर्ती जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांसह एकत्र बसले. दोन राज्यपाल एका टेबलाशी बसू शकतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे; सीमा कोठे असावी ते न्यायालयाने व संसदेने ठरवावे, राज्यपालांनी नव्हे. निकाल लागेपर्यंत सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या मराठी माणसाला कोणत्या भाषेत कागद मिळेल, हा प्रश्न मात्र राज्यपालांच्या कक्षेतला आहे, आणि तो आजचा आहे. २०२५ च्या अखेरीस अनेक राज्यांत राजभवनाची पाटी उतरून लोकभवनाची चढली. पाटी बदलली हे चांगलेच झाले.

दोष आमचाही आहे. राज्यपाल बेळगावला विद्यापीठाच्या पदवीदानासाठी कुलपती म्हणून येतात, तेव्हा आम्ही एक तर निषेध करतो, नाही तर सीमाप्रश्न सोडवा असे चार ओळींचे निवेदन त्यांच्या हाती देऊन फोटो काढून घेतो. जे त्यांच्या हाती नाही ते मागावयाचे आणि जे हाती आहे ते मागावयाचे नाही, ही कसली रीत? पुढील निवेदनात एकच मागणी असावी : १६७ व्या कलमाखाली मुख्यमंत्र्यांकडून तालुकावार माहिती मागवा. मराठी लोकसंख्येचे प्रमाण किती, १९६१ पासून मराठीत निघालेल्या नोटिसा किती, मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिक्त जागा किती. सोबत गेल्या वर्षभरातील कन्नडमधील हुकमांच्या प्रती जोडाव्यात आणि प्रत्येकावरील शेवटच्या ओळीखाली तांबड्या शाईने रेघ ओढावी. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, तेव्हा निवेदन मराठीतच लिहावे. इंग्रजी व कन्नड भाषांतर मात्र बरोबर द्यावे, म्हणजे वाचता आले नाही ही सबब त्या बाजूला राहणार नाही.